ओढ्यापलीकडची भाकर

माझे दोन्ही खांदे आता वर जात नाहीत. दोरीवर साडी वाळत टाकायची तरी पाटावर उभं राहावं लागतं. मंठ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, जड काही उचलता का? मी म्हटलं, टोपलं. कशाचं? भाकरीचं. भाकरीच्या टोपल्यानं कधी कुणाचे खांदे जातात का, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. समजावून सांगायचं तर बावीस वर्षं मागं जावं लागलं असतं, आणि बाहेर बाकड्यावर माणसं खोळंबली होती. मी गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि जीप धरली.

आमच्या गावात एकोणीस घरं आहेत, त्यातल्या दहा घरांना कुलूप. कुलूपवाले पुण्याला नाहीतर संभाजीनगरला कंपनीत आहेत आणि लग्नाच्या पत्रिकेत तेवढं गावाचं नाव छापतात. गावाखालून ओढा जातो. ओढ्यापलीकडे वाडी, पंधरा-सोळा घरांची. अलीकडे डांबरी रस्त्याला लागून वस्ती. तिथे सगळी मुसलमान घरं, एक पिठाची गिरणी, एक किराणा दुकान आणि चाचांचं पंक्चरचं दुकान. तिन्ही मिळून एक ग्रामपंचायत आणि एक पाण्याची टाकी, जी बांधल्यापासून रिकामी आहे. आमच्यात आणि वाडीत भांडायला विषय कमी पडला असं कधी झालं नाही. बांध, ढोरं, ओढ्यावरची मोटार, काहीही चालतं. फक्त मयताच्या दिवशी सगळं बाजूला राहतं.

ज्या घरात माणूस जातं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे सबंध गावाचीच पेटत नाही, कारण एवढंसं गाव, सगळे एकाच भावकीतले, सुतक सगळ्यांनाच. मग मसणवाटेतून परत आलेल्या माणसांनी खायचं काय? म्हणून आमच्या मयताला भाकर वाडीची आणि वाडीच्या मयताला भाकर आमची. वस्तीवरून दोन्हीकडे कोरा चहा येतो. वस्तीवर कुणी गेलं तर आमची भाकर आणि वाडीचं वरण तिकडे जातं. भाकरीबरोबर पिठलं असतं, बिनफोडणीचं. परत आलेली माणसं कडुनिंबाचा पाला चावतात, चूळ भरतात आणि दोन घास खातात. तो घास पोटात गेला की मयत पुरं झालं. नाही गेला तर गेलेलं माणूस उंबऱ्याशीच घुटमळत राहतं म्हणतात. मी बारावी झालेली आहे, माझा यावर विश्वास नाही. पण टोपलं मात्र मी कधी चुकवलं नाही.

आमचं घर ओढ्याच्या कडेला, म्हणून घरोघरच्या भाकरी गोळा करून टोपलं पलीकडे न्यायचं काम आमच्या घराकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा घरटी पाच भाकरी यायच्या आणि टोपलं भरून वर यायचं. आता नऊ चुली. त्यातल्या तीन घरांत एकटे म्हातारे आहेत, जे स्वतःपुरती खिचडी टाकतात. दोन घरांत गुडघ्यांनी जेरीस आलेल्या म्हाताऱ्या. वाडीत कुणी गेलं की मी पहाटे परातीत पीठ घेते आणि दिवस वर येईपर्यंत थापत बसते, पस्तीस, कधी चाळीस भाकरी. त्यात ज्वारी पेरणं लोकांनी सोडलंच आहे, सगळीकडे सोयाबीन आणि कापूस. ज्वारी मंठ्याच्या बाजारातून आणायची, वस्तीवर दळायची, मग थापायची. मरणारे काही सांगून मरत नाहीत, म्हणून पाच किलो पीठ मी कायम घरात ठेवते. मला या कामाचा कंटाळा आला आहे, हे इथे सांगून टाकते. गावात सांगायची सोय नाही.

हे काम आधी आत्याबाईंचं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि वाडीत त्यांची एक मैत्रीण होती, तिला मी मावशी म्हणते. दोघी अंबडकडच्या एकाच गावच्या, एकाच उन्हाळ्यात इकडे दिलेल्या. एक ओढ्याच्या या काठाला पडली, एक त्या काठाला. ओढ्यावर समोरासमोर बसून धुणं धुवायच्या आणि धुण्यासोबत दोन्ही गावांतली माणसं धुऊन काढायच्या. मग आत्याबाईंनी आपल्या मुलीचं स्थळ मावशींच्या भाच्यासाठी सुचवलं. तिकडून निरोप आला, पोरगी सावळी आहे. निरोप मावशींनी दिला नव्हता, त्यांच्या भावजयीनं दिला होता, पण आत्याबाईंनी तो मावशींच्या खात्यावर टाकला. धुण्याचे दगड बदलले, बोलणं बंद झालं.

माझ्या लग्नाला सहा महिने झाले असतील. मावशींचे मालक विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून गेले. बातमी आली तशा आमच्या गावच्या बायका भाकरीला लागल्या. घरोघरच्या भाकरी आमच्या ओट्यावर आल्या, टोपलं भरलं, वर धुतलेलं फडकं झाकलं. आत्याबाईंनी ते टोपलं उचललं आणि आत नेऊन बाजेखाली सरकवलं. म्हशीला पाणी दाखवून निघते, म्हणाल्या. म्हशीला पाणी दाखवून झालं, गोठा झाडून झाला, शेण थापून झालं. गावच्या बायकांना वाटलं टोपलं गेलं. पलीकडे माणसं मसणवाटेतून येऊन पाला चावून बसली होती. दिवस कलला तरी ती अंगणात तशीच बसून होती, मला आमच्या ओट्यावरून दिसत होती. शेवटी चाचांनी किराणा दुकानातले बिस्किटाचे पुडे नेऊन दिले, असं नंतर कळलं.

मी काही बोलले नाही. नवी सून होते, बोलायची हिंमत नव्हती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे बोलायचीही गरज नव्हती. टोपलं डोक्यावर घेऊन ओढा ओलांडला असता तर दहा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी त्या भाकरी म्हशीपुढे टाकल्या. आत्याबाई शेतात गेल्यावर मी पाच भाकरी केल्या, पदराखाली घेतल्या आणि वाडीत जाऊन मावशींच्या हातात दिल्या. मयत आदल्या दिवशीच उरकलं होतं, त्या भाकरीला काही अर्थ नव्हता. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि भाकरी घेतल्या. आत्याबाईंना मी हे कधी सांगितलं नाही.

त्यानंतर आत्याबाईंनी ओढा ओलांडला नाही. पुढच्या मयताच्या वेळी टोपलं भरलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता तू नेत जा. तेव्हापासून मी नेते.

गेल्या वर्षी कापूस फुटला तेव्हा आत्याबाईंच्या छातीत पाणी झालं. जालन्याला दवाखान्यात अकरा दिवस काढले. मी खाली सतरंजीवर, त्या वर कॉटवर. अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती. नर्सची चाल कशी आहे, शेजारणीच्या सुनेनं डब्यात काय आणलं, सगळ्याची खबर. आठव्या दिवशी मात्र दुपारभर गप्प होत्या. मला वाटलं दुखतंय. तर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "माझ्या मयताला वाडीची भाकर येणार न्हाई."

मी म्हटलं, येईल, आत्याबाई, आत्तापासून कशाला तो विषय. त्या ऐकेनात. म्हणाल्या, आली नाही तर सगळ्यांसमोर शोभा होईल. त्यापेक्षा पोराला सांग, मंठ्याहून पुरीभाजी सांगून ठेव. हे, म्हणजे माझे मालक, सरळ माणूस. त्यांनी खरंच विचारलं, किती प्लेटा सांगू? मी इतकी थकले होते की मला हसू आलं आणि मग ते थांबेना. आत्याबाई हसल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांना मरायची भीती नव्हती. लोक पाला चावून अंगणात बसलेत आणि ओढ्याकडून कुणी येत नाही, एवढ्याच चित्राची भीती होती. ते चित्र त्यांनीच एकदा वाडीला दाखवलं होतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, खातील ते द्या. बसवत नव्हतं म्हणून जीप सोडून अँब्युलन्स केली. इथेच घोटाळा झाला. आमच्या भागात जिवंत माणूस जीपनं परत येतो आणि मेलेला अँब्युलन्सनं. दुसरं कधी कुणी पाहिलेलंच नाही. त्यात आत्याबाईंना आवाजाचा त्रास नको म्हणून ड्रायव्हरनं भोंगा लावला नव्हता आणि खड्ड्यांमुळे गाडी हळू चालवत होता. पुढे ड्रायव्हरशेजारी हे डोक्याला उपरणं गुंडाळून, मान खाली घालून बसलेले. ते झोपले होते. चाचांनी पंक्चर काढता काढता गाडी पाहिली, हातातली ट्यूब खाली ठेवली आणि वाडीत फोन लावला, अम्मा गुजर गई. मग आमच्या गावात लावला.

बरं, खात्री करायला आम्हाला फोन करायचा, तर तसं कुणी करत नाही. ज्याच्या घरी गेलंय त्याला गेलं का म्हणून विचारणं वाईट समजतात. त्यामुळे गावात आमची सोडून बाकीच्या आठही चुली विझल्या आणि पलीकडे वाडीत पेटल्या.

आम्ही घरी पोचलो, आत्याबाईंना उचलून बाजेवर ठेवलं. ड्रायव्हर पाणी पिऊन गेला. घर अकरा दिवस बंद, चुलीत राखसुद्धा थंड. मी खाली बसले ती उठवेना. चहा टाकावा असं दहादा मनात आलं, पण उठून काडेपेटी शोधायची ताकद नव्हती. भावकीतलं कुणी डोकावलं कसं नाही याचं नवल वाटत होतं. ते सगळे आंघोळी करून, टोप्या घालून निघायच्या तयारीत होते, हे मला काय माहीत. आत्याबाईंना डुलकी लागली. तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं बायका येताना दिसल्या, सहा-सात जणी, डोक्यावर पदर. पुढे मावशी होत्या आणि त्यांच्या डोक्यावर टोपलं होतं. सत्तरी उलटलेली बाई, तिच्या डोक्यावर कुणी टोपलं दिलं कोण जाणे. नंतर कळलं, त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता आणि माणसं मसणवाटेतून येईपर्यंत थांबायलाही त्या तयार नव्हत्या.

माझ्या काही लक्षात यायच्या आत बायकांनी अंगणात गळा काढला. रीतीप्रमाणे, उंबऱ्याबाहेर उभं राहून, मोठ्यानं. आणि आतून आत्याबाईंचा आवाज आला, "कोण गेलं गं?"

रडणं जागच्या जागी थांबलं. एक बाई मागे सरून तुळशीच्या कट्ट्यावर आपटली. हे धावत बाहेर आले आणि काय चाललंय ते कळल्यावर असे संतापले की मी त्यांना लग्नानंतर तसं पाहिलं नव्हतं. जिवंत माणसाच्या दारात मयताची भाकर! परत न्या म्हणाले, आत्ताच्या आत्ता. पण भरलेलं टोपलं ओढ्यावरून परत नेता येत नाही. नेलं तर ते मरण नेणाऱ्याच्या घरी जातं. आणि ज्या घरी कुणी गेलेलं नाही त्या घरी ते उतरवताही येत नाही. त्यामुळे मावशी ना आत ना बाहेर, डोक्यावर सबंध वाडीच्या भाकरी घेऊन उभ्या. बाकीच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जसं काही अशा वेळी काय करायचं ते मला शिकवलेलं आहे.

निकाल आत्याबाईंनी लावला. उघड्या दारातून त्यांना बाजेवरून सगळं दिसत होतं.

"तिच्या डोक्यावरलं टोपलं उतरव आधी," त्या मला म्हणाल्या. "वज्झं हाय."

मी उठले आणि टोपलं उतरवलं. आत्याबाईंनी मावशींना आत बोलावलं, बाजेशी बसवलं. मग म्हणाल्या, भूक लागली आहे, घासभर दे. यांनी पाय आपटले, बायकांनी तोंडाला पदर लावले. मी फडकं बाजूला केलं. अकरा दिवस दवाखान्यातल्या पातळ वरणावर काढलेल्या बाईला ज्वारीच्या भाकरीचा वास आला होता, तिला कोण अडवणार? मी भाकरी पिठल्यात कुस्करली आणि त्यांच्या तोंडात घास दिला. त्या बराच वेळ चघळत राहिल्या.

"फोडणी न्हाई ह्याला," म्हणाल्या.

"मयताच्या पिठल्याला कुठं फोडणी असती?" मावशी म्हणाल्या.

"व्हय की. ध्यानातच न्हाई राह्यलं."

बावीस वर्षांनंतर त्या दोघींचं हे पहिलं बोलणं. आणखी दोन घास गेले. मग आत्याबाईंनी माझा हात बाजूला केला.

"तुझ्या मालकाच्या मयताला टोपलं माझ्या बाजंखाली व्हतं," त्या म्हणाल्या.

"मला म्हाईत हाय. दुसऱ्या दिशी तुझी सून पाच भाकरी घेऊन आल्ती. तिचं तोंड बघूनच समदं कळलं."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिठल्याच्या भांड्यात पाहत राहिले. त्यांच्या पाठीमागे केलेली ती एकच गोष्ट, तीही आज चव्हाट्यावर आली.

"मंग आज कामून आली तू?" आत्याबाईंनी विचारलं.

"तू मेली म्हणून आल्ते," मावशी म्हणाल्या, आणि इतका वेळ कोरडे ठेवलेले त्यांचे डोळे तेव्हा भरले.

त्या दिवशी सगळ्यांनी ती भाकर खाल्ली. आमची भावकी टोप्या काढून आली, वाडीच्या बायका बसल्या, वस्तीवरून आलेला कोरा चहा मी दूध घालून पुन्हा उकळला, कारण तो मयताचा नव्हता. चाचा स्वतः आले, दाराशीच कान पकडून उभे राहिले. आत्याबाईंनी त्यांना चार शब्द सुनावले आणि भाकरी घ्यायला लावली. एक भाकरी आत्याबाईंनी मला वाटू दिली नाही. तिचे दोन तुकडे कर म्हणाल्या. एक तुकडा त्यांनी मावशींच्या हातावर ठेवला, दुसरा फडक्यात बांधून उशाशी ठेवायला लावला. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, असू दे. म्हातारपणी माणसं उशाशी काय काय ठेवतात, मी खोलात गेले नाही.

पुढे त्या सतरा दिवस होत्या. मावशी काठी टेकत दर दोन दिवसांनी यायच्या. दोघी हळू आवाजात बोलत बसायच्या आणि मी गेले की गप्प व्हायच्या. मी कापसात असायचे. वेचणीला बाई मिळत नव्हती, शेत पांढरं होऊन पडलेलं. घरी आले की आत्याबाईंचं पाणी, औषध, अंग पुसणं. त्यांच्याशी नीट बसून बोलावं असं मनात यायचं आणि भिंतीला टेकताच मला झोप लागायची. याचं मला वाईट वाटतं, पण पुन्हा तेच दिवस आले तरी झोपच लागेल हेही मला ठाऊक आहे.

अठराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या. घशात पाण्याचा घोट तसाच राहिला. या वेळी अँब्युलन्स नव्हती, म्हणून चाचांचा फोनही नाही. यांनीच सगळीकडे कळवलं. दुपारी माणसं मसणवाटेतून परत आली, पाला चावला, चूळ भरली आणि अंगणात बसली.

आणि ओढ्याकडून कुणी येईना.

वाडीत काय चाललं होतं ते नंतर कळलं. एका मयताला भाकर एकदाच देतात. ती देऊन झाली होती. पुन्हा दिली तर दुसरं मयत ओढवतं, असं काही बायकांचं म्हणणं पडलं. काही जणी कापसाला गेलेल्या. मला इकडे यातलं काही माहीत नव्हतं. मी ओट्यावर उभी होते, बावीस वर्षांपूर्वी उभी होते त्याच जागेवर, फक्त या वेळी उपाशी माणसं माझ्या अंगणात होती. हे तीनदा माझ्याकडे बघून गेले. नणंद म्हणाली, वहिनी, मंठ्याला गाडी पाठवू का? मी म्हटलं, थांबा. मनातून मी ढासळले होते. आत्याबाईंनी भोगायचं ते मी एकटी भोगत होते आणि त्या आपल्या सुटल्या होत्या, याचा मला त्या घटकेला खरंच राग आला.

दिवस कलायच्या बेताला काठी दिसली. मावशी एकट्याच होत्या. टोपलं डोक्यावर नव्हतं, काखेत पिशवी होती. तिच्यात सात भाकरी आणि पिठल्याचा डबा. सातही त्यांनी एकटीनं थापल्या होत्या, कडा फाटलेल्या, एक करपलेली. वाडीतल्या बायकांना त्या म्हणे बोलल्या, जी भाकर तिनं स्वतः बाजेवर पडून खाल्ली ती मयताची कशी धरायची? त्यावर माना सगळ्यांनी हलवल्या, पण पीठ कुणी काढलं नाही. सात भाकरी बेचाळीस माणसांत वाटायच्या म्हणजे एकेकाला बोटभर तुकडा. मी वाटत गेले. सगळ्यांना पुरला.

तेराव्याला आत्याबाईंचं अंथरूण उन्हात काढलं तेव्हा उशीखालून ते फडकं पडलं. अर्धी भाकर वाळून खापरीसारखी झाली होती. हे म्हणाले, गायीपुढे टाक. मी उचललीसुद्धा. मावशी कार्याला आल्या होत्या, खांबाला टेकून बसल्या होत्या, त्यांनी काठी आडवी केली.

"टाकू नको. ती तुझी हाय. मला म्हणली, आपुन दोघी गेल्यावर हिच्या मयताला भाकर कोण करील? वाडीत चूल ऱ्हाईल का न्हाई कुणाला म्हाईत. म्हणून तुझ्यापुरती काढून ठिवली तिनं."

मयताच्या दिवशी मला रडायला सवड झाली नव्हती. तेव्हा रडले, जेवणावळ टाकून, पाहुण्यांसमोर, अगदी हुंदके देऊन. लोकांना वाटलं सासूची आठवण आली. आठवण तर होतीच, पण माझं मरण कुणीतरी आधी बसून, विचार करून, फडक्यात बांधून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत माझी एवढी काळजी कुणी केली नव्हती. या बाईनं मला एकदा बस म्हटलं असतं तरी चाललं असतं, असंही मनात आलं. तेही खरंच आहे.

मावशी होळीच्या आधी गेल्या. त्यांच्या मयताला मी बत्तीस भाकरी थापल्या आणि टोपलं वेळेत पोचवलं. खांदे त्यानंतरच धरले. वाडीत आता सहा चुली आहेत.

ती अर्धी भाकर मी पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे, तुरीत घालतो तसा निंबाचा पाला घालून. डॉक्टरांकडून आले त्या दिवशी डबा काढून पाहिला. एका कडेला किडे लागले होते. तेवढी कड मोडून टाकली, पाला बदलला. बाकीची आहे.